नुसते ओठ

३ मार्च

प्रिय ताई,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसायचो आणि तसाच उठायचो. चर्चचा पंचाहत्तरावा वर्धापनदिन थाटात पार पडला. बाहेरगावचे पाळक आले होते, गायनमंडळाचा एकही सूर घसरला नाही. ऑर्गनचा फाटका भाता मी आदल्याच दिवशी सांधला होता, त्यामुळे त्यानंही लाज राखली. सगळ्यांनी पाठ थोपटली.

आता खरं काय ते सांगतो. त्याआधीच्या गुरुवारी मी मावशीकडे गेलो होतो. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं यंत्रांच्या घरघरीवर ओरडून तिचा आवाज कसा झालाय, ते तुला ठाऊक आहेच. गाताना ती एक ओळ मागे असते. कडवं संपलं की मधेच उभी राहते आणि हात वर करून आपल्याच शब्दांत देवाचे आभार मानते. शेजारणीचा गुडघा बरा झाला, तुंबलेली मोरी मोकळी झाली, सगळं. लोकांची वाद्यं सुरात लावण्यावर माझं पोट. माझे कान दुखायचे. मी तिला म्हटलं की एवढा एक रविवार गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. ती बरं म्हणाली. मला चहाही दिला.

त्या रविवारी तिनं तसंच केलं. पण त्यानंतरही दर रविवारी ती तेच करतेय. पाळकसाहेब दिसावेत म्हणून ऑर्गनवर आरसा लावलाय, त्यात मला तीही दिसते. आवाज नाही, हात वर नाहीत, ओठ मात्र बरोबर तालात. आता ती एक ओळही मागे पडत नाही. ताई, माझी बोटं चुकायला लागली आहेत.

राग आला तर येऊ दे, लोभ आवरू नकोस.

तुझा भाऊ


९ मार्च

चि. मास्तर,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझा कान पिरगाळावासा वाटला, तोच दुखरा. आई गेल्यावर जिनं आपल्याला वाढवलं तिला तू गप्प केलंस! आपण पाठ केलेली प्रार्थना घडाघडा म्हणायला लागलो की ती थांबवायची, आणि देवाला हे केव्हाच पाठ झालंय, तुझं काय ते सांग, म्हणायची. वर्गातल्या पोरांना झापते तसं तुला झापायचं ठरवून कागद घेतला आणि हात अडला.

माझ्या लग्नाच्या उपासनेत खुली प्रार्थना ठेवू नका, असं मीच तेव्हाच्या पाळकांना सांगितलं होतं. सासरची माणसं मावशीला हसतील, म्हणून. ती मात्र तयारीनं आली होती. बाकाच्या कडेला बसून आता बोलावतील, मग बोलावतील, अशी शेवटपर्यंत वाट बघत होती. शेवटचं आमेन झाल्यावर तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून हसली. बावीस वर्षं झाली त्याला. तू निदान तोंडावर बोललास, मी पाठीमागून केलं. हे तिच्या कानावर घालू नकोस.

तू मात्र जाऊन ये. फळंबिळं नेऊ नकोस, ती आजारी नाही. सरळ माफी माग.

तुझ्याहून जास्त चुकलेली, तरी तुझीच,
ताई


१८ मार्च

प्रिय ताई,
सप्रेम सलाम, वि. वि.

जाऊन आलो. ती इस्त्री करत होती. मी माफी मागितली, तर म्हणाली की रागावले असते तर तुला दारातूनच हाकलला असता. मग पहिल्यासारखी गा, असं मी म्हटलं. त्यावर तिनं इस्त्री उभी करून ठेवली. घरात एकटी असतानाही गाऊन पाहते, म्हणाली. पण तिनं तोंड उघडलं की त्या गुरुवारचा माझा वाकडा चेहरा तिच्यासमोर येतो आणि आवाज घशातच राहतो. इतकी वर्षं तिला वाटायचं की तिथं ऐकणारा एकच आहे.

घडी घातलेल्या चादरी उचलून कपाटात ठेवल्या आणि आलो.

पाळकसाहेबांना भेटलो. दर रविवारी दहा मिनिटं मोकळी ठेवा, ज्याला जसं सुचेल तशी त्यानं प्रार्थना करावी, असं सुचवलं. एकाला मोकळीक दिली की उपासनेचा बाजार होईल, अशी त्यांना भीती. मी म्हटलं की ती मोकळीक मावशी इतकी वर्षं घेतच होती, छप्पर काही कोसळलं नाही. शेवटी हो म्हणाले. पण सुरुवात कोण करणार, असं विचारून माझ्याकडेच बघत बसले.

मी आजवर कधीच स्वतःच्या शब्दांत प्रार्थना केलेली नाही, ताई. ऑर्गनच्या आड लपून निभावलं. आठवण ठेव, आणि जमल्यास माझ्यासाठी देवाजवळ दोन शब्द बोल.

तुझा भाऊ


२६ मार्च

माझ्या लाडक्या पोरी,
देव तुला सुखात ठेवो.

अक्षर वाईट आहे, सांभाळून घे. तुझ्या भावानं रविवारी काय केलं ते तो धड सांगणार नाही, म्हणून मीच लिहिते.

दहा मिनिटांतली सहा तर कोणी हूं की चूं केलं नाही. जो तो आपल्या चपला बघत बसलेला. मग हा ऑर्गन सोडून पुढे आला. तीनदा अडखळला, घाम फुटला. मी माझ्या मावशीचं तोंड बंद केलं, असं त्यानं देवाला सगळ्यांदेखत सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा शर्ट ओढून खाली बसवावं असं वाटलं. सूर तर कुठल्या कुठे! पण पोरी, तो बोलला ते त्याचं स्वतःचं होतं.

मग मागच्या बाकावरचे शिंपीदादा उठले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. त्यांनी आपल्या गेलेल्या बायकोचं नाव घेतलं, तेवढंच, आणि बसले.

तुझ्या लग्नातलं मला त्याच दिवशी कळलं होतं, पाळकांनीच सांगितलं. तुझ्या भावाला ठाऊक असलं तरी तो काही बोललेला नाही, त्याच्यावर डाफरू नकोस. मी तेव्हाच सोडून दिलं, पण तू कधीतरी येऊन सांगशील असं वाटायचं. अजून सांगितलंस तरी चालेल. कोरडे डोळे करून ये, रडारड नको.

तुझा भाऊ बाहेर भेटला तेव्हा आशेनं माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला म्हटलं की आवाज अजून आलेला नाही आणि तुझ्यासाठी म्हणून आणणारही नाही. यायचा तेव्हा येईल. परवा मी गायले नाही, पण नुसते ओठही हलवले नाहीत. सगळे गात असताना गप्प बसले, कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मर्जीनं. फार दिवसांनी देवाजवळ बसल्यासारखं वाटलं.

पोराबाळांना जवळ घेऊन माझा मुका दे. माया आहे तशीच आहे.

तुझी मावशी