त्याच कॉलेजातली

हर्णे, ६ नोव्हेंबर २०२४

चि. हारुन यास,
अस्सलामु अलैकुम. बाद सलाम, इकडे सर्व ठीक असं लिहायची सवय आहे, पण तसं नाही. फोनवर महरीनच्या देखत बोलवत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे मासळी आणणाऱ्या हौसाची दोन वर्षांची नात तापाने दवाखान्यात नेली होती. तिथल्या नर्सने इंजेक्शन दहापट दिलं. पोर गेली. चौकशीत निघालं, त्या नर्सने नर्सिंगचं सर्टिफिकेट विकत घेतलेलं. वर्गात ती कधी बसलीच नव्हती. आणि विकणारं कॉलेज आपल्या महरीनचंच. आपली पोर तिथे तीन वर्षं रात्रपाळ्या करून शिकली, हे तू जाणतोस. आता मस्कतच्या इस्पितळात ठरलेल्या तिच्या नोकरीचं काय, ते विचारून कळव.

सुके बोंबील पाठवलेत. तुझी बायको नाक मुरडेल. तिला माझा सलाम.
तुझी काळजी वाहणारी,
झुबेदाआपा

मस्कत, २४ नोव्हेंबर

ती. आपास सलाम.
बोंबील पोचले. नाक मुरडणारीनेच जास्त खाल्ले.

कामाचं मात्र बरं नाही. इस्पितळात जाऊन आलो. त्या कॉलेजचं कुणीच नको म्हणाले. खरं कोण, खोटं कोण, हे बघत बसायला त्यांना सवड नाही. पोरगी हुशार आहे, असं मी सांगितलं. प्रत्येक मामा तेच सांगतो, म्हणाले.

इथला एक एजंट दुसऱ्या कॉलेजचं सर्टिफिकेट करून देतो म्हणतो. आधी राग आला. मग वाटलं, आपली पोर तर खरंच शिकलीय, कागद तेवढा खोटा. तिला विचारून बघ.
दुआत याद ठेव.
तुझा हारुन

हर्णे, ११ डिसेंबर

प्रिय मामू,
अस्सलामु अलैकुम. अम्मीने तुमचं पत्र मला वाचायला दिलं. माझ्यासाठी किती खेटे घातलेत, ते कळतं. पण ते सर्टिफिकेट नको.

परवा हौसामावशीकडे गेले होते. ती मासळी वाळत घालत होती. बस म्हणाली, चहा दिला. मग तिने विचारलं, त्या नर्स पोरीत नि तुझ्यात फरक काय, तो आम्ही कसा ओळखायचा. एजंटचा कागद घेतला, तर फरक उरणारच नाही.

रत्नागिरीला प्रवेश परीक्षा देऊन पहिल्या वर्षापासून पुन्हा शिकेन म्हणते. माझा ठरलेला निकाह त्यामुळे पुढे गेलाय.

अम्मीचं रोजचं इन्सुलिन मीच देते, शिकत होते तेव्हापासून. तिने कधी वळून पाहिलं नाही. काल मी सिरिंज भरली, तर ती चष्मा लावून आली, आकडा वाचला आणि मग दंड पुढे केला.
आम्हां दोघींसाठी दुआ करा.
तुमची भाची,
महरीन