तिसरीचा वजनतक्ता

१ जुलै, मंगळवार

पुन्हा माझ्याच गळ्यात! पोषण महिन्याचा प्रकल्प यंदा तिसरीने करायचा. विलाक्रुसिस सर मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. "डेली बाई, आहार आणि व्यायाम. पंचवीस तारखेला वरच्या ऑफिसातून पाहुणे येणार. शाळेची लाज तुमच्या हातात." आणि गेले. मुख्याध्यापकांना उत्तर नको असतं, मान हललेली दिसली की पुरे.

जुने तक्ते काढून बघितले. सफरचंद, दुधाचा पेला, चीज. मनिलापासून बोटीनं एक रात्र लांब, आमच्या या उसाच्या मळ्यात सफरचंद कोणी पाहिलंय? फार तर नाताळात, तेही एकाचे आठ तुकडे करून. यंदा सफरचंद काढणार नाही. शेवगा, रताळं, मूग, सुकी मासळी, पपई – जे इथे मिळतं तेच.

तीन भाग करीन. रोज काय खाल्लं ते मुलांनी स्वतः लिहायचं. रोज सकाळी वीस मिनिटं व्यायाम. आणि महिन्याच्या सुरुवातीला न् शेवटी वजन – मोठ्या तक्त्यावर, रंगीत कागदाच्या पट्ट्या लावून. पट्टी वर चढलेली मुलांना डोळ्यांनी दिसली पाहिजे.

बऱ्याच दिवसांनी काहीतरी करावंसं वाटतंय.

३ जुलै, गुरुवार

वजनं झाली. चौतीस मुलं. अकरा जण किमान वजनाच्या रेषेच्या खाली.

रेसिल सोळा किलो! आठ वर्षांची मुलगी. मार्चमध्ये सतरा होती. काट्यावर उभी राहिली तेव्हा मला वाटलं काटाच अडकला, म्हणून उतरवून पुन्हा चढवली. तीही बिचारी पुन्हा चढली. "बाई, चुकलं का माझं?"

ऊसतोड मेमध्येच संपली. आता ऑक्टोबरपर्यंत मळ्यात काम नाही. या दिवसांना इथे सगळे 'मेलेला हंगाम' म्हणतात. आणि पोषण महिना नेमका जुलैत. ही तारीख ठरवणाऱ्याने ऊस फक्त साखरेच्या रूपातच पाहिला असणार.

अकरा नावं शाळेच्या स्वयंपाकघरात दिली. रोज दहा वाजता एक वाटी लापशी किंवा मुगाची आमटी-भात – फक्त यादीतल्यांना. बाकीचे तेवीस खिडकीतून बघतात.

४ जुलै, शुक्रवार

'काल रात्री काय खाल्लंस?' – कागद वाटले. चौतीसच्या चौतीस जणांनी लिहिलं – सफरचंद, दूध, चीज! मी म्हटलं, अरे, हे काय? पहिल्या बाकावरचा डोडोंग म्हणाला, "बाई, भिंतीवर तेच लिहिलंय ना? बरोबर उत्तर तेच आहे."

भिंतीवरचा जुना तक्ता काढला. म्हटलं, सोमवारी खरं लिहून आणा. खऱ्याला पूर्ण मार्क.

७ जुलै, सोमवार

खरं आलं.

भात आणि मीठ. भातावर कॉफी. भात आणि तेल. रताळं. एकाने 'भाताचा वास' लिहिलंय – शेजारच्यांचा असणार. सहा जणांनी लिहिलंय, 'लवकर झोपलो.'

मी त्या सहा जणांना लाल पेनाने शेरा दिला – 'प्रश्न नीट वाच.' सहावा शेरा लिहून झाल्यावर कळलं – प्रश्न त्यांनी नीटच वाचला होता.

सहाही शेरे ब्लेडने खरवडले. कागद फाटले. नवे कागद घेऊन त्यांची उत्तरं मीच उतरवून काढली, त्यांच्यासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात. पूर्ण मार्क दिले.

घरी येऊन अंडं तळलं. खाल्लंही. टाकून काय होणार होतं?

९ जुलै, बुधवार

व्यायामाचा तिसरा दिवस. तीस उड्या, मग मैदानाला दोन फेऱ्या. पहिले दोन दिवस मुलं नुसती खिदळत होती, मजा आली. आज अठराव्या उडीला रेसिल खाली बसली. मी ओरडले, "ऊठ, ऊठ, आळशी!" – हो, असंच म्हणाले मी. ती उठली. एकोणीस, वीस. मग सरळ पुढे पडली, हातही टेकले नाहीत. ओठ फुटला.

स्वयंपाकघरातून आमच्या स्वयंपाकीणबाई मानांग सेपा – मानांग म्हणजे थोरली ताई, सगळे तसंच म्हणतात – धावत आल्या, साखरेचं पाणी पाजलं. फडक्याने तिचा ओठ पुसला आणि ते रक्ताचं फडकं माझ्या हातात दिलं.

दुपारी तिची आई आली. नेनिता. ऊसतोडीची बाई, हातांवर पात्यांच्या जुन्या खुणा. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तीच हात जोडून उभी. "बाई, रागावू नका. एकच सांगते. उड्या मारल्या की भूक लागते हो. घरी आल्यावर मागत बसते. मी काय देऊ? तिला तुम्ही बसवूनच ठेवा. बसलेलं पोर कमी खातं."

वीस वर्षं शिकवतेय. व्यायामाचे फायदे मला पाठ आहेत. एकही आठवला नाही.

१० जुलै, गुरुवार

सरांना सांगितलं, व्यायाम बंद करते. ते म्हणाले, "बंद कसा? पाहुण्यांना दाखवायचं काय? दोन मिनिटांचा नाच बसवा. हात हलवा, पाय हलवू नका."

बसल्या जागी व्यायाम! मान डावीकडे, मान उजवीकडे. श्वास घ्या, सोडा. माझी मलाच लाज वाटते.

१४ जुलै, सोमवार

आज चांगला दिवस. लिहून ठेवते.

मळ्याच्या रस्त्याला कुंपणभर शेवगा आहे. मुलांना रांगेने चालत नेलं, हळूहळू, गाणी म्हणत. पाला खुडला. चालणं हाच व्यायाम, पाला हाच आहार – दोन्ही भाग एकात! मानांग सेपांनी यादी-बिदी न बघता मोठं पातेलं चढवलं. मूग थोडे, पाणी जास्त, पाला भरपूर. चौतीस वाट्या भरून वर उरलं. मी म्हटलं, "मानांग, वरून विचारलं तर?" त्या म्हणाल्या, "विचारलं तर म्हणेन, म्हातारी झालेय, मोजता येत नाही. तुम्ही वाढा बघू."

रेसिलने तीन वाट्या खाल्ल्या. तिसरीच्या वेळी वाटी पुढे करून दुसरीकडेच बघत होती, आपण नाहीच त्या गावचे असं.

१८ जुलै, शुक्रवार

शेवगा संपला. चार दिवसांत चौतीस पोरांनी कुंपण बोडकं केलं. पाला पुन्हा फुटायला महिना तरी. मूगही महिन्याचे होते ते संपत आले. मानांग म्हणाल्या, "सोमवारपासून पुन्हा अकराच हं, बाई." एवढंच.

२१ जुलै, सोमवार

दुसरं वजन. अकराचे तेरा झाले.

रेसिल तिथेच.

२२ जुलै, मंगळवार

तक्ता घेऊन सरांकडे गेले. त्यांनी दार लोटून घेतलं.

"तेरा? बाई, प्रकल्प वजन वाढवायचा की उतरवायचा?"

म्हटलं, "जे आहे ते आहे, सर."

ते रागावले नाहीत. खुर्चीत टेकून बसले, चष्मा काढला. मग जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. पट कमी होतोय म्हणून डोंगरापलीकडची शाळा आणि आमची एक करायचा विचार आहे. एक राहील, एक जाईल. आमची गेली तर पोरांना रोज सहा किलोमीटर चालत जावं लागेल. "या पायांनी चालतील का? निम्मी पोरं शाळा सोडतील. पंचवीस तारखेला आपण डोळ्यांत भरलो तर शाळा राहते. शाळा राहिली तर स्वयंपाकघर राहतं. आता बोला."

मी तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तेरावर बोट ठेवलं.

"रेषेखाली चार ठेवा. अगदीच शून्य खोटं वाटेल."

म्हटलं, "आणि वाटीची यादी? ती या तक्त्यावरून होते ना?"

"तक्ता वेगळा, यादी वेगळी. यादी मी बघतो. माझ्यावर सोडा."

मी म्हटलं, निदान रेसिलला खालीच राहू दे. ते म्हणाले, "तीच तर वर यायला हवी. सगळ्यांत खालची मुलगी चढली, तरच प्रकल्प केलेला दिसतो."

वर्गात येऊन लिहिलं. रेसिल – वीस. पेनाने चार किलो चढवायला काही वेळ लागत नाही. बाकीच्यांचंही केलं. मग हिरव्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, डिंक लावला, एकेक नीट दाबून चिकटवली. तक्ता फार सुंदर दिसतोय. खरंच सुंदर.

२४ जुलै, गुरुवार

उद्यासाठी रेसिलला गणवेशाखाली आणखी एक ब्लाऊज घालून यायला सांगितलं. "थंडी वाजते का, बाई, पाहुण्यांना?" असं विचारत होती.

२५ जुलै, शुक्रवार

झालं एकदाचं.

पाच पाहुणे, दोन गाड्या. हात हलवण्याचा नाच झाला. मुलांनी रताळी, पपई, शेवगा असे कागदी मुखवटे घातले होते – शेवगा झालेल्या डोडोंगला सगळ्यांत जास्त टाळ्या. पाहुण्यांतल्या सगळ्यांत मोठ्या अधिकारी बाई तक्त्यासमोर बराच वेळ थांबल्या. "ही पट्टी कोणाची? तीन आठवड्यांत चार किलो?" वाटलं, आता खोलात जाऊन विचारणार. विचारावं असंही वाटलं. सरांनी रेसिलला पुढे केलं.

बाईंनी तिचा गाल धरला. "काय खातेस गं, बाळ?"

"भात, मासळी, मूग, पालेभाजी आणि फळ!" – एका दमात. मीच पाठ करून घेतलं होतं.

सगळे हसले, टाळ्या. शाळेला चषक मिळाला. जाताना बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्यासारख्या शिक्षिका आहेत म्हणून चाललंय." मी "थँक्यू" म्हटलं.

रेसिल घामाने निथळत होती. आतला जादा ब्लाऊज काढायला तिला मदत केली. बटणं काढताना तिच्या बरगड्या बोटांना लागत होत्या.

२८ जुलै, सोमवार

शाळा राहणार! सरांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं. मुलं नाचली. मीही टाळ्या वाजवल्या. खोटं नाही लिहीत – मला बरं वाटलं. दिवसभर वाटत होतं, केलं ते ठीकच केलं.

३० जुलै, बुधवार

स्वयंपाकघराची नवी यादी वरून आली. माझ्या वर्गातली नावं – चार.

तक्ता हीच यादी झाली. पाहुण्यांनी जाताना त्याचा फोटो काढला होता, त्यावरूनच.

धावत सरांकडे गेले. त्यांना खरंच माहीत नव्हतं, चेहऱ्यावरून कळत होतं. फोन उचलला, खाली ठेवला. "आता काय सांगू त्यांना, बाई? आपलीच सही आहे." मग बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसले.

मानांग सेपा दारातच उभ्या होत्या. "चार वाट्या काढायच्या म्हणे. बाकीच्या सात जणांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार. माझ्याच्याने नाही होणार."

मी सांगितलं. दहा वाजता सातही जणांना बाजूला घेतलं. कसं सांगायचं ते आदल्या तासाला फळा पुसताना ठरवलं होतं. म्हटलं, "तुमच्यासाठी आनंदाची बातमी. तुम्ही आता सशक्त झालात. तुम्हाला आता वाटीची गरज नाही."

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

रेसिल म्हणाली, "मी पण, बाई? खरंच?" मी मान हलवली. तिने दंड वाकवून बेटकुळी काढून दाखवली – काहीच नव्हतं तिथे – आणि शाळा सुटताच घराकडे पळत सुटली, आईला सांगायला. पळू नकोस म्हणून हाक मारणार होते. मारली नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

काल आणि आज ती सात मुलं दहा वाजता खिडकीपाशी. आता तीस.

मनात पत्र लिहितेय दोन दिवस. 'वजनं खोटी आहेत, मी लिहिली.' नोकरी जाईल. सरांचीही जाईल. शाळाही जाईल बहुधा. नाही लिहिलं तर – हे असंच. सोमवारी ठरवते.

४ ऑगस्ट, सोमवार

रेसिल आली नाही. तिच्या जागी नेनिता आली, धुतलेला फ्रॉक घालून, पिकल्या केळ्यांची फणी घेऊन. माझ्या हातात ठेवली. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? मनिलातली बहीण केव्हाची मागत होती पोरीला. तिची दोन लहान मुलं सांभाळायला, घरकामाला. अशी काडीसारखी पोर कशी पाठवू म्हणून मी थांबवून धरलं होतं. आता तुम्हीच सांगितलंत, धडधाकट झाली म्हणून."

विचारलं, कधी जाणार?

"गेली की, बाई. कालच्या बोटीनं."