मीटर लावला की बोलते

४ सप्टेंबर ४८, अंबड
वसंता हवालातीत, आठवा दिवस. धाकट्या भावाचा गुन्हा एवढाच: तीर्थपुरीच्या शाळेत रेडिओवर सरहद्दीपलीकडच्या बातम्या ऐकल्या.
दुपारी पोलीस कचेरीतल्या अमीनसाहेबांचा जवान आल्ता. वाटलं, आता माझी पाळी. तर साहेबांचा रेडिओ मुका झालाय म्हणे. गावात मीटरवाला मी एकटाच. बाकीचे पेटीला थापा मारून दुरुस्ती करतात.
साहेब : "मिस्त्री, डब्बा तीन दिन बराबर बोल्या तो तुमारे भाई कू छोड देतूं."
"आणि न्हाई बोलला तर?"
हसले. दात चांगले आहेत.

५ सप्टें.
बॅटरी मापली ती सेट चालू ठेवून. बंद सेटवर मेलेली बॅटरीही नव्वद व्होल्ट दाखवते, कचेरीतल्या माणसासारखी. भार टाकला की खरी किंमत कळते. ८६. चांगली. शेवटच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर ८०. तेही बराबर. तरी आवाज न्हाई.
मंग त्याच व्हॉल्व्हच्या ग्रिडला मीटरची तार टेकवली, आणि पेटी एकदम बोलली! उचलली, गप्प. टेकवली, बोलली.
म्हणजे ग्रिडचा रेझिस्टन्स आतून तुटलाय. मीटर त्याच्या जागी उभा राहतो म्हणून चालतं. नवा कुठला आणू? इथं रॉकेल मिळेना.

६ सप्टें.
साहेबांना दम न्हाई. "पकड के बैठो." दार लावून घेतलं. पाऊण तास तारा धरून बसलो. साहेबांनी काटा फिरवला नि लावलं... तेच स्टेशन. वसंताचं. गुन्हा तोच, अंगावरचा कोट वेगळा.
तार निसटली. आवाज तुटला.
"क्या सुने, मिस्त्री?"
"मी फक्त व्होल्ट पाहतो, साहेब."
साहेबांनी आवाज बारीक केला. मग हळूच, "मेरे बालबच्चे उधर हैं. सोलापूर में."
हे मला सांगायला नको होतं. गुपित माहीत असलेला माणूस आणखी एक वाढला, आणि तो मी.

७ सप्टें.
जुनी युक्ती. जाड कागदाची पट्टी, तिच्यावर पेन्सिलीची रेघ, दोन्ही टोकांना तार. शिशातून वीज थोडी थोडी झिरपते, रेझिस्टन्सचं काम भागतं. पहिली रेघ बारीक पडली, आवाज घुसमटला. दोनदा गिरवली. साफ! ओल लागू नये म्हणून वर मेण ओतलं.
जन्मभर या पेन्सिलीनं वहीत लोकांच्या टोप्या उडवल्या. शहाण्यासारखं काम आज पहिल्यांदा सांगितलं तिला.
"नया पार्ट?" साहेब.
"बिलकुल नया."
घरी वसंताची बायको कमल : "किती दिवस टिकंल, दादा?"
"तीन."
"आणि चौथ्या दिवशी?"
"चौथ्या दिवशी तो घरी असंल."
भाकरी पुढं तशीच. तिची आणि माझीही.

८ सप्टें.
कचेरीवरून मुद्दाम दोनदा गेलो. बोलतेय. दार बंद, पण बोलतेय.

९ सप्टें.
जवान सांगून गेला : साहेब संध्याकाळी सोडणार, बातम्या ऐकून. बातम्या ऐकून! आधी सोडलं असतं तर काय झिजलं असतं?
कमलनं आंघोळीचं पाणी ठेवलंय.
सकाळपासून पावसाची झड. वही मऊ पडलीय, पान उलटलं की चिकटतं. रेघेवर मेण ओतलं, ते पक्कं आठवतं. पट्टीच्या मागच्या बाजूला ओतलं का?
बातम्यांना दहा मिनिटं. मीटर पिशवीत घालून दारात बसलोय.