कात्रीतून निसटलेला कण

३ सप्टेंबर
कच् कच् कच् — पंचेचाळीस वर्षांपूर्वीची कात्री आज दिवसभर कानात! प्रयोगशाळेत पेशीचा फोटो मोठा करून त्यातलं एकेक गुणसूत्र आम्ही कापायचो, जोड्या लावून डकवायचो. सेहेचाळीस भरली की चहा.

वेनिंगचा, माझ्या नातीचा, फोन आला. पोटातल्या बाळाची तपासणी झाली. सत्तेचाळीस निघाली. एक बारकासा कण जास्तीचा.

तिच्या सासूबाई, लस्त्रीबाई, तिला म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नव्हतं हो कधी." सातव्या महिन्याचा विधी त्यांनी रद्द केलाय.

५ सप्टेंबर
वेनिंगबरोबर दवाखान्यात. डॉक्टरीणबाई तरुण, पण धीराच्या. त्यांनी समजावलं: प्रत्येक गुणसूत्राला कंबर असते. पेशी दुभंगताना तिला धरूनच ते ओढलं जातं. कंबर नसलेला तुकडा हरवतो. या कणाने मात्र भलत्याच जागी नवी कंबर केलीय, म्हणून टिकलाय. मी विचारलं, बाळाला त्रास होईल का? "तुकडा कुठला, त्यावर आहे. घरातल्या कुणा धडधाकट माणसात हाच सापडला, तर भीती बरीच कमी."

शाळेत कविता म्हणताना माझा यती, ओळीतला थांबा, नेहमी भलत्या जागी पडायचा. गुरुजी पट्टी आपटायचे. ओळ मात्र पुरी व्हायची!

६ सप्टेंबर
झोप नाही. आठवलं.

प्रयोगशाळेत नवं रसायन आलं की आम्ही आधी आपलंच रक्त वापरून बघायचो. माझ्या पेशींच्या फोटोत जोड्या लावून झाल्या की दर वेळी एक कण उरायचा. कंबर दिसत नाही, म्हणजे कचरा — म्हणून फुंकर मारायचो. नोंदवहीत सेहेचाळीस.

आणि दुसऱ्यांचे असे किती कण फुंकले असतील मी?

७ सप्टेंबर
रक्त देऊन आलो. वेनिंगनेही दिलं. तिचा बाप, माझा मुलगा, असता तर त्यानेही दिलं असतं.
"आजोबा, तुमच्यात निघाला नाही तर?"
तिला सोयाबीन आंबवून केलेलं तेंपे तळून खाऊ घातलं.

१५ सप्टेंबर
अहवाल अजून नाही. पत्र्याच्या डब्यात माझ्या पेशींचे जुने फोटो शोधले. वाळवी.

२६ सप्टेंबर
निघाला! माझ्यात, वेनिंगमध्ये, बाळात — तोच तुकडा, तीच भलत्या जागची कंबर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेखी हमी नाही देत. पण शहात्तर वर्षं हा तुमच्यात आहे. मीही आता नीट झोपेन."
वेनिंग रडली, मग हसली. "आजोबा, एवढी वर्षं फुंकर मारूनही गेला नाही!"
लस्त्रीबाईंना तिनेच कळवलं.

२७ सप्टेंबर
सकाळी दार वाजलं. लस्त्रीबाई! एकट्याच, घामाघूम, पिशवीत सातव्या महिन्याच्या विधीचे दोन कोवळे पिवळे नारळ.
"देवांची चित्रं कोरायचीत यांवर," माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "कात्री धरणारा हात तुमचा. अजून थरथरत नाही ना?"