मेन स्विचवरचं कुंकू

सोलापूर, सोमवार, २४ ऑक्टोबर १९७७

तीर्थरूप अव्वास दाक्षायणीचे शरणु.

आमच्याकडच्या आगीचं पेपरात वाचलं असशील, म्हणून आधी जे झालं ते लिहिते.

१. खंडेनवमीला दुपारी आमच्या विणकरांच्या पेठेत आग लागली.
२. सुताची गोदामं पेटली आणि आग पसरली. दोनशे बारा घरं जळाली.
३. अकरा माणसं गेली. त्यांत माझ्या घरमालकीण नरसम्मा आहेत.
४. मी सुखरूप आहे. डावा हात थोडा भाजला आहे, लिहिते उजव्याने.

नरसम्मांच्या मागाच्या कारखान्यात पूजेची रोषणाई होती. वायर जळाल्याचा वास मला आधीच आला होता. कुंकू लावलेला मेन स्विच बंद करायला मी हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "पूजलेल्याला आज हात लावतात व्हय? इंजिनियर झालीस म्हणून देव सोडलास की काय!" सगळे हसले. मी हात मागे घेतला. तूही खंडेनवमीला आम्हाला पूजलेली विळी उचलू देत नव्हतीस.

वीस मिनिटांनी तिथूनच आग लागली.

वास आला म्हणून मी हात पुढे केला होता, हे कुणाला ठाऊक नाही. येत्या सोमवारी चौकशीत माझा जबाब आहे. मी सगळं सांगणार आहे. त्यानंतर गिरणीतली नोकरी राहीलच असं नाही, आणि या पेठेत मला कुणी दारात उभं करणार नाही.

तुझा खोकला कसा आहे? धाकटा सोमलिंग शाळेत जातो ना?

जबाब दिल्यावर मी घरी आले तर चालेल का, एवढं शनिवारपर्यंत कळव.

तुझी लेक,
दाक्षायणी