जनरेटरची परीक्षा

२८ सप्टेंबर, रविवार
आला एकदाचा जनरेटर! पेट्रोलवरचा, लाल, कडी असलेला. नरहरनी त्याला नव्या जावयासारखं उतरवून घेतलं. (तोंडावर 'अहो', वहीत मात्र नरहर. इथे कोण रागावणार!)

निमित्त माझंच. माझं ऑक्सिजनचं मशीन लाइटवर चालतं, आणि केळझरची लाइट तिच्या मर्जीवर. लहान सिलिंडर आहे जोडीला, पण तो किती पुरणार? साकेत फोनवर रोज तेच — "आई, पुण्याला या. इथे लाइट जात नाही."

आज नरहरनी फोन हिसकावला. "दिवाळीले ये. तासभर जनरेटरवर तुह्या आईचं मशीन चालवून दाखवतो. नाई चाललं तं दोघंही येतो पुण्याले!"

पैज लागली. मला नाही जायचं पुण्याला. ज्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं ती इथे, कुंपणावरून वांगी देणाऱ्या सुमित्राबाई इथे. तिथे फ्लॅटमध्ये मी कोणाशी भांडू?

२९ सप्टेंबर
दोरी ओढ ओढ ओढली. ढिम्म! घाम, बनियन ओलं, कंपनीला शिव्या. शेवटी मी खिडकीतून विचारलं, "अहो, ते बटन बंदवर आहे का?"
होतं.

३० सप्टेंबर
आज भांडण. खरं भांडण! ह्यांनी जनरेटर व्हरांड्यात आणून चालू केला. का, तर "बाहेर ठेवला तं चोर नेईन ना!" धुराचं तोंड थेट माझ्या खोलीच्या दाराकडे.

मी आधी तो बंद करायला लावला, दारं-खिडक्या उघडल्या आणि मग सातवीच्या वर्गावर ओरडायची तशी ओरडले. ह्या धुरातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपतो तो झोपतोच. चोर परवडला!

आता जनरेटर अंगणात, घरापासून लांब, तोंड कुंपणाकडे. लगेच सुमित्राबाई हजर. "मास्तरीणबाई, धूर माह्या वांग्यांवर काऊन सोडून राह्यल्या?" तोंड रस्त्याकडे वळवलं. जगात सगळ्यांना खूश ठेवता येत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
विळी, शिलाई मशीन, स्कूटर आणि जनरेटर, सगळ्यांची पूजा. पेट्रोलजवळ आग नको म्हणून दिवा-अगरबत्ती तुळशीपाशीच ठेवली. झेंडूचा हार गरम नळीपासून दूर. विज्ञानाची बाई आहे मी, चूक कशी होईल! सगळ्यात उंच जागी, टाकीच्या झाकणावर, हळद-कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. शोभून दिसला.

४ ऑक्टोबर
चालू होतो. थोडा वेळ छान गुरगुरतो. मग खोकतो आणि बंद! वाट पाहिली की पुन्हा चालू, पुन्हा बंद.

नरहरनी दोरी ओढून ओढून अंगण डोक्यावर घेतलं. मग ओट्यावर बसून डावा हात चोळत राहिले.
"काय झालं?"
"मच्छर चावला."

५ ऑक्टोबर
ऑइल पाहिलं, बरोबर. सपाट फरशीवर ठेवला. हवेची जाळी धुतली. तरी तेच. साकेतला कळलंय वाटतं, फोनवर हसत होता मेला.

८ ऑक्टोबर
सापडलं!! आणि कोणाला? मला!

सकाळी पुन्हा बंद पडला तेव्हा हे नवा प्लग आणायला वर्ध्याला गेले. मी तेलाचा डबा फोडत होते. एकच भोक पाडलं तर तेल अडखळत पडतं, म्हणून दुसरं पाडलं, हवेसाठी. हात तिथेच थांबला. अगं बाई! टाकीलाही हवा लागत असणार!

अंगणात गेले. इंजिन गार झालं होतं. झाकण फिरवलं तर 'सूं' करून हवा आत गेली. झाकणाला बारीकशी भोकं, आणि त्यांत वाळून दगड झालेलं माझं कुंकू. पेट्रोल खाली उतरणार कसं? झाकण घरात नेलं, सुईने भोकं मोकळी केली, पुसून परत लावलं.

तेवढ्यात हे आले. प्लग बदलला. दोरी ओढली. चालू! तासभर बंद पडला नाही!
"पाय! प्लगच होता! मी म्हणलंच होतं!"
मी म्हटलं, "तुम्हालाच जमतं बाई हे." दसऱ्याची अब्रू वाचली. आता पुणं गेलं खड्ड्यात!

पण ओट्यावर बसून ते पुन्हा डावा हात चोळत होते.

१२ ऑक्टोबर
ह्यांना मच्छर फक्त दोरी ओढल्यावरच चावतो.

आज सरळ विचारलं. आधी गॅस म्हणाले. मग म्हणाले, "छातीत जरासं भरल्यावानी होते. बसलं का जाते." मी लगेच म्हटलं, उद्याच सावंगीला जाऊ, डॉक्टरला दाखवू. "दिवाळी होऊ दे." बरं, दोरी सुमित्राबाईंचा धीरज ओढेल. त्यावर एकदम चिडले. "तुहा श्वास मी दुसऱ्याच्या भरवशावर ठेवू?"

एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस असं कधी बोलला नव्हता. मी आत जाऊन रडले.

१५ ऑक्टोबर
साकेतला सांगितलं. तो म्हणाला, पुण्यात डॉक्टर ठरवून ठेवतो, बाबांना आण फक्त. फोन ह्यांच्याकडे दिला. "मले काई नाई झालं! पैज जिंकली का तुहा बाप इथंच राहीन!"
आणि पैजेचा शब्द मोडणाऱ्यातला हा माणूस नाही. हरला तरी.

१८ ऑक्टोबर
सुमित्राबाईंनी वांगी दिली. उगीचच त्यांच्याशी खूप वेळ बोलत बसले.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
साकेत आला. जेवणं झाल्यावर परीक्षा. माझा सिलिंडर भरलेला आहे, काळजी नाही. नरहर आत नवा सदरा शोधताहेत, जिंकायला!

मी पूजेचं ताट घेऊन अंगणात जाऊन आले. जनरेटरला कुंकू लावलं. झाकणावरच. तेलात कालवून, भोकं बुजतील इतकं जाड.