साहेब दारातच अडकले

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे वाकलेलाच आहे, नमस्कार त्यातच उरकून घेतो.) इकडे सगळे, म्हणजे मी एकटा, खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत ते खरं खरं कळव. फोनवर विचारलं की तू "छान आहेत" म्हणतेस, जणू गुडघे परीक्षेला बसले होते, आणि लगेच "बरं, ठेवते" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं, पण निदान मला ऐकू येत नाही.)

गेल्या आठवड्यातलं साहेबांचं भाषण तू ऐकलंच असशील. त्यात एक चौकटवाला आला होता. तो मी. पण त्या चौकटवाल्याच्या तोंडी जे घातलं, ते माझं नाही. बाकी देशानं काय समजायचं ते समजो, तुझा गैरसमज झाला तर मला जेवण जायचं नाही. म्हणून घडलं तसं सांगतो.

आधी इकडची हकीकत. राजधानी इथून गेल्यापासून आपली गल्ली ओळखू येत नाही. रबरी शिक्के करणारा गेला, टायपिंगचा क्लास बंद झाला, अर्ज लिहून देणारे झाडाखालून उठले. झाड तेवढं राहिलंय, त्याच्या बदलीचा हुकूम निघायचा आहे. समोरच्या चहावाल्यानं अर्धी टेबलं विकून टाकली. संध्याकाळी इतकं सामसूम असतं की मला माझंच खिळे ठोकणं ऐकू येतं, आणि ते काही कान देऊन ऐकावं असं नाही. दुकान बंद करून वर जातो, चहा टाकतो, तो दोन कप होतो. हाताला सवयच तशी. दुसरा कपही मीच पितो आणि पिता पिता तुझ्या वतीनं साहेबांची बाजू मांडतो. खोटं नाही सांगत. "अरे, निर्णय घ्यायला धमक लागते," असं तुझ्या आवाजात म्हणतो आणि मग माझ्या आवाजात त्याचा समाचार घेतो. पण मजा येत नाही. माझ्याजवळची तू लगेच हरतेस. खरी तू कधी हरली नाहीस.

माझं म्हणणं तुला तोंडपाठ आहे, तरी लिहितो, कारण इथे दुसरं कोणी ऐकून घेत नाही. साहेबांनी रस्ते केले, नाही कोण म्हणतो? आईच्या शेवटच्या दुखण्यात सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळालं, तेही खरं. (प्रत्येक भांडणात तू शेवटी हेच काढायचीस आणि मी गप्प बसायचो.) पण घरातला पलंग या भिंतीचा त्या भिंतीला लावायचा तरी माणूस घरच्यांना विचारतो. या गृहस्थांनी अख्खी राजधानी हलवली, ती सकाळी रेडिओवर सांगून. मंत्र्यांनाही तिथेच कळलं म्हणे, आणि दुपारपर्यंत त्यांतला प्रत्येक जण सांगत होता की कल्पना मूळची आपलीच. धान्याचे भाव बांधले तेव्हा दुकानांतून धान्य गेलं. भाव सोडले तेव्हा धान्य आलं, पण आपल्या हाताला लागेना. दोन्ही वेळा साहेबांच्या अभिनंदनाची मानपत्रं माझ्याच दुकानात चौकटीत बसली. चुका कोणाच्या होत नाहीत? माझ्या तर रोज होतात. पण माझी चूक झाली की गिऱ्हाईक दुकानात उभं राहून ओरडतं. साहेबांच्या दुकानात ओरडणारं गिऱ्हाईक त्यांनी ठेवलंच नाही, म्हणून त्यांची प्रत्येक चूक पुढे धोरण होते.

असो. तर तुमच्या जुन्या कचेरीचं आता प्रदर्शन केलंय, 'प्रगतीची वाटचाल' नावाचं. तुझं पाणीपुरवठा खातं जिथे होतं त्या दालनात काचेच्या पेटीत एक नळ ठेवलाय. (सोडून बघायची परवानगी नाही.) उद्घाटनाला साहेब स्वतः येणार, म्हणून दीड पुरुष उंचीचा त्यांचा फोटो चौकटीत बसवायचं काम अधीक्षकांनी माझ्यावर सोपवलं. अधीक्षकांच्या अटी अशा की फोटो आडवा करायचा नाही, उलटा धरायचा नाही, भिंतीकडे तोंड करून ठेवायचा नाही. नेताना उभा, ठेवताना उभा. मी म्हटलं, "अहो, दुकानात रात्रभर काय करू?" तर म्हणाले, "तुम्ही काय करायचं ते करा, त्यांना उभं ठेवा." सहा दिवस साहेब दुकानात माझ्याकडे बघत उभे होते. मी जेवताना पाठ करून बसायचो. तू असतीस तर त्यांनाही ताट वाढलं असतंस.

मी दाराचं माप घेतलं होतं, चौकटीचंही बरोबर होतं. पण आदल्या दिवशी अधीक्षक येऊन म्हणाले की कडेला कोरीव नक्षी हवी, माणूस मोठा आहे. नक्षी लावली आणि दाराचं माप पुन्हा ताडून बघायचं साफ विसरलो. व्हायचं तेच झालं. चौघा हमालांनी साहेबांना रस्त्यानं उभ्या उभ्या मिरवत आणलं, (दोघांनी सलाम केला, एका म्हातारीनं बाजूला होऊन वाट दिली,) पायऱ्या चढवल्या आणि दारात घातलं. निम्मे आत गेले आणि तिथेच बसले. पुढे जाईनात, मागे येईनात. सगळे अधिकारी आत स्वागताला रांगेत उभे, मी आणि हमाल बाहेर. बाजूच्या दाराची किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी साहेबांची गाडी बघायला हमरस्त्यावर. आणि गाडी आली ती तासभर आधी.

अक्का, साहेब फोटोपेक्षा चांगलेच बुटके आहेत. आणि त्या दिवशी त्यांना सर्दी होती. पायऱ्या चढून आले, स्वतःच्या फोटोसमोर थांबले आणि नाक पुसत माझ्याकडे बघितलं.

"काय झालं?"

"अडकलाय, साहेब."

"मग आडवा करून काढा."

"परवानगी नाही."

"कोणाची?"

"तुमचीच."

"मी असं कधी म्हणालो?"

"तुम्ही म्हणालेलं पाळतातच," मी म्हणालो, "पण न म्हणालेलं त्याहून जास्त पाळतात."

बोलून गेलो खरा. त्यांचे चिटणीस वहीत काहीतरी लिहायला लागले. पण साहेब हसले. माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसले आणि म्हणाले, "पहारेकरी येईपर्यंत बोला काहीतरी. धंदा कसा चाललाय?"

तुला माहीतच आहे, हा माणूस समोर आला तर काय सुनवायचं त्याचं भाषण माझ्याजवळ कैक वर्षं तयार होतं. त्यात धान्याचे भाव होते, मंत्री होते, शेवटी एक टाळीचं वाक्यही होतं. त्यातलं अक्षर आठवेल तर शपथ. मी नुसतं म्हणालो, "साहेब, राजधानी हलवताना कोणाला विचारलं होतं का?"

"सगळे हो म्हणाले."

"माझी बहीणही हो म्हणाली. ती तुमच्या बाजूची आहे, साहेब, माझ्यासारखी नाही. बदलीचा हुकूम घेऊन तुमचा माणूस आला, तेव्हा दारात हसून हो म्हणाली. मग आत गेली, ऐकू जाऊ नये म्हणून मोरीतला नळ सोडला आणि रडली. तुमच्या माणसानं वर कळवलं असेल की हो म्हणाली. नळाचं कोण कळवणार?"

(तुला वाटत होतं मला माहीत नाही. मी जिन्यात होतो, अक्का. वर यायला हवं होतं, पण आलो असतो तर तू लगेच भांडायला लागली असतीस, आणि त्या दिवशी माझ्यात तेवढं बळ नव्हतं.)

साहेबांनी रुमाल काढला. नाक पुसलं. माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं, पोहोचलं. (सर्दीही असेल.) मग उठले आणि हमालांना म्हणाले, "धरा, आडवा करा." एकही हमाल पुढे होईना. तेव्हा त्यांनी स्वतः स्वतःचे पाय धरले, मी डोकं धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना तिरपं करून बाहेर ओढलं. नक्षी एका बाजूनं सोलवटली. आतले अधिकारी टाळ्या वाजवाव्यात की नाही या विचारात एकमेकांकडे बघत राहिले.

त्या दिवशी घरी आलो तो हवेत. चहा केला आणि तुझ्या वतीनं पहिल्यांदाच कबूल केलं की माणूस वाटला तितका वाईट नाही. आणि तीन दिवसांनी ते भाषण! "जुन्या राजधानीत एका साध्या चौकटवाल्यानं मला सांगितलं, की नव्या राजधानीला जायचा हुकूम हातात पडला तेव्हा त्याच्या बहिणीच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले." मी रेडिओकडे बघतच राहिलो. आता हे त्यांनी मुद्दाम केलं, की चिटणिसांनी वहीत तसं लिहून घेतलं, देव जाणे. मला आपलं वाटतं, इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर सरळ वाक्य कोणी बोललंच नव्हतं, त्यामुळे कानाला ते ओळखताच आलं नाही. तू म्हणशील, बिचाऱ्यांचा गैरसमज झाला. म्हण. समोर बसून म्हण, म्हणजे झालं.

या सगळ्यात माझं वाटोळं झालं ते निराळंच. गल्लीत मी एकटा विरोधी पक्ष होतो, तेवढीच माझी पत. आता चहावाल्याकडे पाऊल टाकलं की सगळे हवापाण्यावर बोलायला लागतात. कोपऱ्यावरचे पेन्शनर, ज्यांनी माझ्यासोबत सरकारला शिव्या घालण्यात उमेदीची वर्षं घालवली, ते भाच्याच्या नोकरीसाठी माझी शिफारस मागून गेले. मी त्यांच्यासमोर मुद्दाम साहेबांवर टीका केली, तर हळूच डोळा मारून म्हणाले, "कळलं, कळलं. आमची मतं काढून घेताय." म्हणजे भांडायला तू नाहीस, आणि जे होते तेही आता भांडत नाहीत.

तर मी काय म्हणालो आणि काय नाही, ते हे असं आहे. तब्येतीला जप. माझी काळजी करू नकोस, मी मजेत आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. साहेबांच्या मर्जीनं मला नव्या राजधानीत बाजारपेठेत एक गाळा मंजूर झालाय, तसं पत्र अधीक्षक स्वतः घेऊन आले. मी त्याला असं बाणेदार उत्तर लिहिलंय की वाचून तुझ्या अंगावर काटा येईल. स्वाभिमान विकायला काढलेला नाही, वगैरे.

ता. क. दुसरा. ते उत्तर पाठवलेलं नाही. गाळा घेतोय. परवा फोनवर तू सहज म्हणालीस की तिसरी बादली घेतली. चौथ्या मजल्यावर राहणारं माणूस हौसेनं बादल्या जमवत नाही, खालून पाणी भरत असतं. मी आलो म्हणजे साहेबांचं धोरण बरोबर होतं असा अर्थ काढायचा नाही, हे आत्ताच लेखी देऊन ठेवतो. तुझ्या खोलीत एक गादी जास्त मावेल का, एवढंच कळव. मावत नसेल तरी कळव, गादी अरुंद आणतो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं निघतोय. उत्तर मिळो न मिळो. स्टेशनवर यायची गरज नाही, गुडघे सांभाळ. आणि आलीसच, तर लगेच साहेबांचा विषय काढू नकोस. थोडा वेळ मला नुसतं तुझ्याकडे बघू दे.